टोपी वर आली, पण ज्योत पेटेना

आमच्या वाड्यात गोठ्याच्या मागे एक गोल खड्डा आहे. विटांनी बांधलेला, काठावर गवत वाढलेलं. मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातवानं त्यात डोकावून विचारलं, ‘‘आबा, या विहिरीला पाणी का नाही?’’ मी म्हटलं, ‘‘बाबा रे, ही विहीर नव्हे. हा आपला गोबर गॅस. यावर तुझ्या पणजीनं नऊ वर्षं स्वयंपाक केला.’’ त्यानं लगेच पुढचा प्रश्न केला, ‘‘मग बंद का पडला?’’

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. पोरांच्या प्रश्नांना भिण्याचं मला कारण नाही. पण या प्रश्नापुढे मी जरा अडखळलो. कारण तो गॅस बंद पडला नव्हता, मी तो बंद पाडला होता. कसा, ते आधी सांगतो आणि मग त्यामागचा इतिहास सांगतो. इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आणि किल्ले आठवतात. पण शेणालाही इतिहास असतो आणि त्याचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे.

आमचं गाव रिसोड तालुक्यात. स्वतंत्र वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यातले. १९८५ साली आमच्या घरी दोन बैलजोड्या, दोन गाई आणि एक म्हैस होती. शेणाला तोटा नव्हता. त्या वर्षी सरकारी अनुदानातून वडिलांनी दोन घनमीटरचा संयंत्र बांधून घेतला. विटांचा खोल खड्डा आणि त्यात पालथी घातलेली लोखंडी टाकी. तिला आम्ही ‘टोपी’ म्हणत असू. रोज सकाळी पाच-सहा घमेली शेण, तेवढंच पाणी, हातानं कालवायचं, खडे-काड्या काढायच्या आणि नळकांड्यातून आत सोडायचं. आत गॅस झाला की टोपी वर येई. चुलीवर गॅस जाळला की ती खाली बसे. आई सकाळी उठली की आधी टोपी किती वर आली ते पाही.

तोवर आमच्या घरची चूल पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि गवऱ्यांवर चाले. पावसाळ्यात ओल्या तुऱ्हाट्यांच्या धुरानं सैपाकघर काळं होई. गॅस आला त्यानंतर आठवड्याभरानं आई शेजारणीला म्हणाली, ‘‘आता डोये पुसा लागत नाई.’’ एवढं एकच वाक्य. मोठ्या बायांनी त्या काळी आपल्या त्रासाबद्दल यापेक्षा जास्त बोलण्याची रीत नव्हती.

१९९४ साली धाकट्या बहिणीचं लग्न झालं. पंगती उठल्या आणि भात, पुऱ्या, बुंदी असं बरंच उरलं. गावात वाटून, गुरांना घालूनही दोन-तीन घमेली शिल्लक राहिली आणि ती आंबू लागली. मी विज्ञानाचा मास्तर. म्हटलं, शेणापासून गॅस होतो तर अन्नापासून का होऊ नये? सगळं कालवून मी संयंत्रात ओतलं. दुसऱ्या दिवशी टोपी कधी नव्हे एवढी वर आली. मी घरभर फुशारकी मारली. आईनं शेगडीची चावी सोडली, काडी लावली, तर काडीच विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. टोपी भरलेली, पण आतला वायू पेटेना. चार दिवसांनी आंबट वास सुटला. वडील एवढंच म्हणाले, ‘‘लग्नाचं अन्न शेणात घातलं, दुसरं काय होणार?’’ आईनं निमूटपणे जुनी चूल सारवली. महिनाभर वाट पाहून आम्ही शेण घालणंही सोडून दिलं. पुढे बैल विकले गेले, टोपी गंजली आणि भंगारात गेली.

माझं नेमकं काय चुकलं हे मला निवृत्तीनंतर, सवडीनं वाचायला लागल्यावर कळलं. त्यासाठी मला बरंच मागे जावं लागलं.

दलदलीतून बुडबुडे येतात आणि कधी कधी त्या जागी रात्री उजेड दिसतो, हे जगभरच्या खेड्यांतल्या लोकांना ठाऊक होतं. कोणी त्याला भूत म्हणे, कोणी चकवा. १७७६च्या नोव्हेंबरात इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टानं माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीनं ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटवून दाखवले. हाच तो व्होल्टा, ज्याच्या नावानं आपण विजेचे ‘व्होल्ट’ मोजतो. त्यानं धरलेल्या वायूला आज आपण मिथेन म्हणतो. पुढे हम्फ्री डेव्हीला हाच वायू कुजणाऱ्या शेणखतात सापडला. म्हणजे आपल्या उकिरड्याची ओळख विज्ञानाला झाली ती दोनशे वर्षांपूर्वी.

पण या वायूचा माणसाच्या कामासाठी वापर करण्याच्या कथेत मुंबईचं नाव अगदी सुरुवातीला येतं. माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रम होता. १८९७च्या सुमारास तिथल्या मैल्यासाठी बंद टाक्या बांधण्यात आल्या आणि त्यातून निघणारा वायू दिव्यांसाठी आणि पुढे इंजिन चालवण्यासाठी वापरला गेला. इंग्लंडमधल्या एक्सेटर गावी डोनाल्ड कॅमेरून यांनी १८९५ साली सेप्टिक टँक बांधून त्यातल्या वायूवर दिवे लावले होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मुंबई या कामात उतरली. अनेक पुस्तकांत माटुंग्याच्या या प्रयोगाचं साल १८५९ असं छापलेलं आढळतं आणि ते एकमेकांवरून उतरवलं जातं. पण ते बरोबर असू शकत नाही. कारण तो आश्रमच मुळी १८९० साली सुरू झाला. जो आश्रम नव्हता त्यात टाकी कुठून असणार?

हा आश्रम उभा केला तो मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनी. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठी वाचकाला हे नाव आणखी एका कारणानं ओळखीचं वाटेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या बरोबरीनं मराठ्यांचे पोवाडे गोळा करून १८९१ साली छापणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. ज्यांना समाजानं रस्त्यावर टाकलं होतं त्यांच्यासाठी या माणसानं घर बांधलं, आणि ज्या मैल्याकडे कोणी पाहत नव्हतं त्यातून त्या घराच्या आवारात उजेड निघाला. ही गोष्ट मला कुठल्याही पोवाड्याइतकीच ऐकण्यासारखी वाटते.

त्यानंतर मात्र चाळीसेक वर्षं आपल्याकडे फारसं काही घडलं नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू काढण्याचे पद्धतशीर प्रयोग केले. १९५१च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा संयंत्र तयार केला आणि त्याला नाव दिलं ‘ग्रामलक्ष्मी’. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच नमुना उचलला आणि गावोगाव नेला. आमच्या वाड्यातली टोपी ही त्या ग्रामलक्ष्मीचीच नात. पटेलांच्या नमुन्याची खुबी अशी की टोपीच्या वजनानं गॅसला आपोआप दाब मिळतो आणि गॅस किती आहे ते बाईला उभ्या उभ्या दिसतं. कुठलं घड्याळ नको, मीटर नको.

इथे मला आणखी एका माणसाचं नाव घ्यायचं आहे, कारण त्यांच्याशिवाय ही कथा नुसती इंधनाची होईल. ते म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक ‘कोकणचे गांधी’ म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम द्या. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं. अप्पासाहेबांनी अन्न सोडलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून त्या डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास धरला. त्यांची मागणी साधी दिसते, पण तिच्यातला प्रश्न फार मोठा होता. आपली घाण उचलण्याचं काम जन्मानं ठरलेल्या माणसांनी का करायचं?

अप्पासाहेबांनी या प्रश्नाचं उत्तर भाषणात शोधलं नाही, संडासाच्या खड्ड्यात शोधलं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खत करणारे संडास बांधले आणि १९५०च्या दशकात मैल्यावर चालणाऱ्या गॅसचेही प्रयोग केले. मैला कुणी हातानं उचलायचाच नाही. तो आपोआप टाकीत जाईल, तिथून जळण आणि खत होऊन बाहेर येईल, असा त्यांचा विचार होता. आमचे गाडगेबाबा खराटा घेऊन विदर्भातली गावं झाडत होते, त्याच काळात कोकणात हा दुसरा माणूस त्याच कामाला वेगळ्या बाजूनं भिडला होता.

त्यांचं काम पुढे नेलं एका डॉक्टरनं. डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर १९५९ साली देहू गावच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांचं गाव, वारकऱ्यांची दाटी आणि संडास जवळजवळ नाहीतच. रोगी औषध घेऊन बरे होत आणि त्याच रोगानं पुन्हा येत. डॉक्टरांनी सुरुवातीला बांधलेले संडास पावसात ढासळले. दुसरा कोणी असता तर बदली मागून गेला असता. मापुस्करांनी अप्पासाहेबांकडून रचना शिकून घेतली आणि पुन्हा बांधले. पुढे त्यांनी संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्राचा स्वतःचा नमुना तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘मलप्रभा’. मळातून प्रभा! २०१५ साली ते गेले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैल्याच्या गॅसवर भाकरी भाजायची कशी, हा लोकांच्या मनातला प्रश्न त्यांनी आयुष्यभर हसतमुखानं ऐकला असेल. पण ज्योतीला शिवाशीव नसते, हे ती पेटल्यावर लोकांना पटतं.

१९७३ साली अरबस्तानातल्या तेलाचे भाव भडकले आणि सरकारांचं लक्ष एकदम शेणाकडे गेलं. लोखंडी टोपी महाग पडे आणि गंजे, म्हणून १९७८ साली उत्तर प्रदेशातल्या अजितमल इथल्या केंद्रानं टोपीऐवजी विटांचा पक्का घुमट असलेला ‘जनता’ नमुना काढला. १९८४ साली त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ आला. १९८१-८२पासून राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला. अनुदानं आली, उद्दिष्टं आली. देशात आजवर पन्नास लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रं बांधली गेली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.

पण बांधणं वेगळं आणि चालणं वेगळं. आमच्या पंचक्रोशीत कितीतरी वाड्यांत असे कोरडे खड्डे आहेत. कुणाची टोपी गंजली, कुणाचा घुमट चिरला, कुणाची गुरं गेली, कुणाला उन्हाळ्यात पाणी पुरेना. वाशीम जिल्ह्यात मार्च सरला की माणसालाच पाणी जपून प्यावं लागतं, तिथे रोज चार-पाच बादल्या शेणात कुठून ओतणार? बांधलेल्या संयंत्रांची मोजणी सगळ्यांनी केली. आत राहणाऱ्या जिवांची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. माझी चूकही तिथेच झाली होती.

आता त्या जिवांकडे येऊ. शेणापासून गॅस ‘होतो’ असं आपण म्हणतो, पण तो कोणीतरी करतं. ते करणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना हवा चालत नाही. हवा लागली की त्यांचं काम थांबतं. त्यामुळे प्रयोगशाळेत त्यांना वाढवणं फार अवघड होतं. असा एक मिथेन करणारा जंतू शास्त्रज्ञांनी सुमारे तीस वर्षं एकच म्हणून सांभाळला होता आणि रशियन शास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांचं नाव त्याला दिलं होतं. १९६७ साली अमेरिकेत ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो एक नाहीच. ते दोन वेगळे जंतू आहेत आणि जोडीनं राहतात. पहिला अल्कोहोल खातो आणि हायड्रोजन टाकतो. दुसरा तो हायड्रोजन खातो आणि मिथेन करतो. गंमत अशी की हायड्रोजन साठला तर पहिल्याचंच काम अडतं. म्हणजे एकाचा केर दुसऱ्याचं अन्न, आणि दुसऱ्यानं केर उचलला नाही तर पहिला उपाशी. दहा वर्षांनी, १९७७ साली, कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी सांगितलं की मिथेन करणारे हे जीव साधे जिवाणू नव्हेतच. सजीवांचा तो एक निराळाच, अतिप्राचीन वंश आहे. आपल्या गाईच्या पोटात आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात केवढं मोठं घराणं नांदत होतं!

संयंत्राच्या आत चार टप्प्यांचं काम चालतं. पहिल्या टप्प्यात जंतू पिठूळ, तेलकट, चिवट पदार्थ फोडून पाण्यात विरघळवतात. दुसऱ्यात त्यांची आम्लं होतात. तिसऱ्यात त्या आम्लांचं व्हिनेगरमधलं आम्ल आणि हायड्रोजन होतो. चौथ्यात या दोन्हींपासून मिथेन. पहिले दोन टप्पे करणारे जंतू दणकट आणि चपळ असतात, काही तासांत दुप्पट होतात. शेवटचे मिथेनवाले मात्र संथ. त्यातल्या काहींना दुप्पट व्हायला काही दिवस लागतात. शिवाय ते नाजूक. फार आंबट त्यांना सोसत नाही, थंडी सोसत नाही. बैलगाडीला एका बाजूला तरणा खोंड आणि दुसऱ्या बाजूला म्हातारा बैल जुंपावा, तसं हे काम आहे. गाडी म्हाताऱ्याच्या चालीनंच हाकावी लागते.

आता माझ्या बुंदीकडे परत येतो. शेणात गुरानं खाऊन उरलेलाच चोथा असतो. त्यातलं सहज पचणारं सगळं गाईनं आधीच घेतलेलं असतं. म्हणून शेण हळूहळू कुजतं आणि मिथेनवाल्यांना वेळ मिळतो. मी एकदम साखर, भात आणि तेल ओतलं. आम्ल करणारे जंतू त्यावर तुटून पडले. आम्ल साठलं, मिथेनवाले गारठले. पण आम्ल होतानाही कार्बन डायऑक्साइड निघतोच. टोपी वर आली ती त्या वायूनं, आणि तो जळत नाही, उलट काडी विझवतो. टोपी भरली होती आणि चूल विझली होती, त्याचं हे कारण. अन्नाचा शाप वगैरे काही नव्हतं. घालणं पंधरा दिवस थांबवलं असतं, थोडी चुन्याची निवळी दिली असती आणि एखाद्या चालू संयंत्रातली चार बादल्या स्लरी आणून ओतली असती, तर आईला पुन्हा चूल सारवावी लागली नसती. हे मला आज कळतं. तेव्हा विचारावं कुणाला, हेही कळलं नाही.

माझी कल्पना मात्र चुकीची नव्हती, प्रमाण चुकलं होतं. हे मला पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या कामावरून समजलं. आनंद कर्वे म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू. वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या आरती या संस्थेनं २००३च्या सुमारास घरगुती संयंत्राचा एक लहान नमुना काढला. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एक दुसरीत पालथी. त्यात शेण नाही, तर उरलेलं अन्न, खरकटं, खराब झालेलं पीठ, पेंड घालायची. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : जंतूंनाही आपल्यासारखंच अन्न लागतं, मग त्यांना गाईनं पचवून टाकलेला चोथा का द्यायचा? दोन किलो पिठूळ अन्नातून एका दिवसात सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो, आणि तेवढाच मिथेन शेणापासून हवा तर चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात, असं त्यांनी मांडलं. मी शाळेतल्या रसायनशास्त्राचा हिशेब करून पाहिला. एक किलो कोरड्या स्टार्चमधून जास्तीत जास्त तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर मिथेन निघू शकतो. म्हणजे कर्व्यांचा आकडा त्या हिशेबात बसतो. २००६ साली या कामाला इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. अट एकच, घास लहान आणि रोजचा असावा. लग्नाची पंगत एका दिवसात नाही.

मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी हीच अडचण दुसऱ्या वाटेनं सोडवली. त्यांच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात दोन स्वतंत्र टाक्या असतात. पहिल्या टाकीत ओला कचरा गरम पाण्यात, हवेच्या सान्निध्यात, उष्णतेत वाढणाऱ्या जंतूंकडून आधी फोडून घेतात. मगच तो दुसऱ्या, बंद टाकीत मिथेनवाल्यांकडे जातो. खोंडाला वेगळं शेत आणि म्हाताऱ्या बैलाला वेगळं. दोघांची ओढाताण नाही. यातून निघणाऱ्या वायूत मिथेनचं प्रमाणही शेणाच्या गॅसपेक्षा जास्त असतं.

तिसरी वाट हॉलंडमधून आली. १९७०च्या दशकात तिथले गात्झे लेटिंगा साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करत होते. अडचण अशी की पाणी टाकीतून वाहिलं की संथ वाढणारे जंतूही वाहून जात. लेटिंगांनी पाणी खालून वर, अगदी धिम्या गतीनं सोडलं. तेव्हा जंतू एकमेकांना चिकटून त्यांचे वाटाण्यासारखे, ज्वारीच्या दाण्यासारखे गोळे झाले. जड असल्यानं ते तळाशीच राहिले आणि पाणी तेवढं वर निघून गेलं. मग चाळीस दिवसांचं काम काही तासांवर आलं. लेटिंगांनी याचं पेटंट घेतलं नाही, म्हणून ही रीत आपल्यासारख्या देशांत पसरली. १९८९ साली कानपूरला गंगेच्या काठी याच पद्धतीचं सांडपाणी केंद्र सुरू झालं. आपल्या साखरपट्ट्यातही एक लिटर अल्कोहोलमागे दहा-पंधरा लिटर काळंभोर, नदी मारणारं सांडपाणी निघतं. आसवन्यांनी ते बंद टाक्यांत कुजवून त्या गॅसवर बॉयलर पेटवायला सुरुवात केली, तीही याच ज्ञानावर.

या तिन्ही वाटांचा अर्थ एकच निघतो. संयंत्र म्हणजे खड्डा नव्हे, तो गोठा आहे. आत राहणाऱ्यांना रोज वेळेवर, पचेल तेवढंच द्यायचं, त्यांना ऊब द्यायची आणि त्यांना बाहेर वाहून जाऊ द्यायचं नाही. गुरं पाळणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त आत गुरं आहेत, हे त्याला सांगावं लागतं. ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आज आमच्याकडे बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. कपाशी-ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. २०१६नंतर बऱ्याच घरी सिलिंडर आले, पण पैसे जुळले नाहीत की पुन्हा तुऱ्हाट्या पेटतात. सोयाबीनचं कुटार कुठे ढोरांना जातं, कुठे पेटवून दिलं जातं. आठवडी बाजार उठला की भाजीपाला तिथेच सडतो. २०१८ साली केंद्र सरकारनं ‘गोबरधन’ आणि ‘सतत’ या दोन योजना आणल्या; शेण, काडीकचरा आणि शहरी ओला कचरा यांपासून गॅस करून तो शुद्ध करायचा, दाबून भरायचा आणि वाहनांसाठी विकायचा, अशी कल्पना आहे. चांगलीच आहे. पण एक लक्षात ठेवावं. पऱ्हाटी-तुऱ्हाटीतला लाकडी भाग हे जंतू फोडू शकत नाहीत. तिथे मोठी यंत्रंही हात टेकतात. आणि हाच कचरा उघड्या ढिगात सडला तर त्यातूनही मिथेन निघतो, तो हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट हवा तापवतो. म्हणजे गॅस तर होणारच आहे. तो चुलीत जळावा की आभाळात जावा, एवढंच आपल्या हातात आहे.

नातवाच्या प्रश्नानंतर मला गप्प बसवेना. पुतण्याकडे आता चार म्हशी आहेत. आम्ही दोघांनी तो खड्डा पुन्हा चालू करायचं ठरवलं. एक सूचना इथे मुद्दाम देतो. अशा जुन्या खड्ड्यात कुणीही एकदम उतरू नये. तळाशी विषारी वायू साठलेला असतो, आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो, असे जीव गेलेले आहेत. आम्ही आठ दिवस खड्डा उघडा ठेवला, गाळ वरूनच पंपानं आणि बादल्यांनी उपसला. विटांचं काम चाळीस वर्षांनंतरही पक्कं निघालं. टोपी या वेळी फायबरची घेतली, गंजायचा प्रश्न नाही. शेजारच्या गावी एका घरी संयंत्र चालू आहे. तिथून दोन ड्रम स्लरी आणून विरजण लावावं तसं शेणात मिसळली.

तीन आठवड्यांनी टोपी वर आली. पहिला गॅस आम्ही सोडून दिला, कारण त्यात हवा मिसळलेली असते. दोन दिवसांनी पुतण्याच्या बायकोनं काडी लावली. मी जरा मागेच उभा होतो. निळी ज्योत पेटली आणि टिकली. तिनं चहा ठेवला.

आता रोज संध्याकाळी मूठभर शिळं अन्न मी स्वतः मोजून घालतो, त्याहून जास्त नाही. नातवाला फोनवर सांगितलं, विहिरीला पाणी नाही, पण ती चालू आहे. तो म्हणाला, ‘‘मग आधी बंद का पडली होती?’’ या वेळी मी त्याला खरं ते सांगितलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)